प्रिंटर कशाने जोडावा: पॅरलल, सीरियल, यूएसबी की नेटवर्क?

प्रश्न थोडक्यात असा आहे. ऑफिसात एक जुना डॉट मॅट्रिक्स प्रिंटर आहे, त्याच्या मागे फक्त रुंद पॅरलल पोर्ट. एक नवा लेझर आणलाय, त्याला यूएसबी, लॅन आणि वाय-फाय तिन्ही आहेत. नव्या कॉम्प्युटरला पॅरलल पोर्टच नाही. तीन-चार जणांना दोन्ही प्रिंटर वापरायचे आहेत. मग कोणता कशाने जोडायचा, आणि या सगळ्या पोर्टांत मुळात फरक काय?

उत्तर आधी सांगून टाकतो. लेझर लॅनच्या वायरने जोडा. यूएसबीने नको, वाय-फायने तर नकोच. डॉट मॅट्रिक्ससाठी यूएसबी-टू-पॅरलल केबल चालेल, पण तुमचं छपाईचं सॉफ्टवेअर डॉसच्या (विंडोजच्या आधीच्या) जमान्यातलं असेल तर त्यात एक मेख आहे, ती पुढे येईलच. घाई असेल तर इथेच थांबलात तरी चालेल.

आता कारणं. प्रिंटर दुरुस्तीत बरीच वर्षं घालवल्यावर माझं एक मत पक्कं झालंय. आपण समजतो की प्रिंटरची केबल म्हणजे कॉम्प्युटरकडून प्रिंटरकडे मजकूर नेणारी नळी. मजकूर काय, कसाही पोचतो. घोडं पेंड खातं ते परतीच्या वाटेवर. प्रिंटर हे हळू चालणारं यंत्र आहे, त्याचा कागद संपतो, अडकतो, झाकण उघडं राहतं. त्यामुळे 'थांब', 'कागद नाही', 'मी अमुक मॉडेल आहे' हे त्याला उलट सांगता यावं लागतं आणि कॉम्प्युटरला ते ऐकू यावं लागतं. कुठलाही पोर्ट घ्या, तो हे उलटं बोलणं कसं सांभाळतो ते बघा. त्याचे गुणदोष तिथेच कळतात.

पॅरललपासून सुरुवात करू, कारण त्यात हे सगळं उघड्या डोळ्यांनी दिसतं. १९७० साली सेंट्रॉनिक्स कंपनीचा मॉडेल १०१ प्रिंटर आला आणि त्याच्या मागचा ३६ पिनांचा रुंद कनेक्टर हेच पुढे प्रमाण झालं. तो कनेक्टर फार विचार करून निवडला होता असं नाही. सेंट्रॉनिक्सची मूळ कंपनी वँग लॅबोरेटरीज, तिच्याकडे ॲम्फेनॉल कंपनीच्या या कनेक्टरांचा साठा पडून होता, तो कामी लावला, असं सांगतात. १९८१ साली आयबीएमने आपल्या पीसीवर याच्याऐवजी २५ पिनांचा डी आकाराचा कनेक्टर वापरला. म्हणून त्या जाडजूड केबलच्या एका टोकाला २५ पिना आणि दुसऱ्या टोकाला दोन बाजूंनी क्लिपा लावायचा ३६ पिनांचा चपटा कनेक्टर असतो.

पीसीच्या बाजूला २ ते ९ या आठ पिना मजकुराच्या, म्हणजे एका अक्षराचे आठही बिट एकदम जातात. पिन १ म्हणजे स्ट्रोब. कॉम्प्युटर आठ वायरींवर अक्षर मांडतो, किमान अर्धा मायक्रोसेकंद थांबतो, स्ट्रोब तेवढाच वेळ खाली ओढून सोडतो. प्रिंटरला ते 'घे' असं कळतं. लगेच प्रिंटर पिन ११ वर बिझी लावतो. अक्षर पोटात गेलं की बिझी काढतो आणि पिन १० वर पोचपावतीचा छोटा ठोका देतो. पिन १२ म्हणजे कागद संपला, पिन १३ म्हणजे प्रिंटर ऑनलाइन आहे, पिन १५ म्हणजे बिघाड. १८ ते २५ सगळ्या ग्राउंडच्या. म्हणजे उलट बोलण्यासाठी पाच वायरी पहिल्या दिवसापासून राखून ठेवलेल्या होत्या, एकेका वायरीला एकच शब्द.

या साधेपणाचा फायदा असा की बिघाड कागदावरच लिहून येतो. एकदा एका गोदामातून तक्रार आली की बिलावरच्या रकमा चुकतायत. ५०० च्या जागी ५११ छापलं जातंय, ८२० च्या जागी ९३१. सॉफ्टवेअरवाल्याने प्रोग्रॅम दोनदा नव्याने टाकला होता, मालकाच्या मते तो व्हायरस होता. मी बिल हातात घेतलं तर मला आकड्यांआधी रिकाम्या जागा खटकल्या. दोन शब्दांमध्ये जिथे कोरी जागा हवी, तिथे उद्गारचिन्हं. 'बॅलन्स' हा इंग्रजी शब्द सी-ए-एम-ए-ओ-सी-ई असा उमटलेला. बी चा सी झालाय, एल चा एम, एन चा ओ, पण ए, सी आणि ई जसेच्या तसे. आणि साऱ्या बिलात एकही सम अंक नाही, सगळे विषम!

आस्की कोड, म्हणजे प्रत्येक अक्षराला ठरवून दिलेला आकडा, ज्याला माहीत आहे त्याला इथेच उलगडा होतो. बी चा कोड ६६, सी चा ६७. कोऱ्या जागेचा ३२, उद्गारचिन्हाचा ३३. शून्याचा ४८, एकाचा ४९. सम कोड असलेलं प्रत्येक अक्षर एकाने पुढे सरकलंय, विषम कोडवालं जागेवर आहे. म्हणजे सर्वात खालचा बिट कायम १ वाचला जातोय. हा बिट येतो पिन २ वरून. प्रिंटरच्या आत या वायरींना पुल-अप रेझिस्टर, म्हणजे मोकळ्या वायरीला १ वर ओढून धरणारे रोधक, असतात, त्यामुळे वायर तुटली की तिथे आपोआप १ वाचला जातो. केबल काढून कनेक्टर उजेडात धरला, तर पिन २ वाकून आडवी पडलेली. चिमट्याने सरळ केली, काम झालं.

प्रत्येक वायरीचं असं आपापलं व्यंग असतं. पिन ७ तुटली तर कॅपिटल अक्षरं स्मॉल होतात, आणि ओळ बदलायची खूणच नाहीशी होऊन तिच्या जागी वजाचं चिन्ह आणि तारा उमटतो, कारण १३ आणि १० या कोडांत प्रत्येकी ३२ मिळवले जाऊन ४५ आणि ४२ होतात. दहा मिनिटं कागदावर बेरीज-वजाबाकी केली की मीटर न लावता वायर सापडते. आजच्या कुठल्याही पोर्टात ही मजा नाही.

उलट येणाऱ्या वायरींचा आणखी एक किस्सा. लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या कर्नलमध्ये, म्हणजे गाभ्यात, पॅरलल प्रिंटरसाठी 'एलपी० ऑन फायर' असा, म्हणजे प्रिंटरला आग लागल्याचा संदेश आहे. लोक त्याला थट्टा समजतात, पण त्यामागे सरळ तर्क आहे. प्रिंटर 'बिघाड' म्हणतोय. कागद संपलाय का? नाही. ऑफलाइन आहे का? नाही. मग पाच वायरींत आणखी काही सांगायची सोयच नाही, तेव्हा काय झालं असेल ते तुम्हीच बघा! वायर कमी पडल्या की उलटं बोलणं असं तोकडं पडतं.

ही उणीव १९९४ च्या आयईईई १२८४ या प्रमाणाने भरून काढली. त्यात गंमतीची गोष्ट म्हणजे निबल मोड. जुन्या पोर्टाच्या मजकूर नेणाऱ्या वायरी एकदिशा होत्या, म्हणून उलट येणाऱ्या पाचांपैकी चार वायरींवरून अर्धा-अर्धा बाइट करत प्रिंटरचं बोलणं ऐकायचं, हार्डवेअर न बदलता. याच प्रमाणात ईपीपी आणि ईसीपी हे जलद मोड आले, सेकंदाला सुमारे दोन एमबीपर्यंत जाणारे. आणि मला सर्वात महत्त्वाची वाटते ती डिव्हाइस आयडी. प्रिंटर आपला उत्पादक, मॉडेल आणि कोणती छपाईची भाषा समजते हे एका ओळीत सांगू लागला. ती ओळ लक्षात ठेवा, ती पुढे पुन्हा भेटणार आहे.

एक सूचना जुना पोर्ट वापरणाऱ्या प्रत्येकाला: पॅरलल केबल काढताना-लावताना दोन्हीकडचा वीजपुरवठा बंद करा. चालू असताना केबल ओढून मदरबोर्डवरचा पोर्ट जाळलेले मी बरेच बघितलेत. हा पोर्ट चालू स्थितीत जोडण्यासाठी बनवलेलाच नाही.

वेगाचंही इथेच उरकून घेऊ, कारण कोणता पोर्ट 'जलद' यावर उगाच वाद होतात. ए४ पान ६०० डीपीआयला (इंचाला ६०० ठिपके), काळं-पांढरं, न दाबता पाठवलं तर सुमारे ३ कोटी ४८ लाख ठिपके होतात, म्हणजे ४.३५ एमबी. साधा जुना पॅरलल पोर्ट सेकंदाला दीडशे केबीच्या आसपास नेतो, तेव्हा त्याला लागतील जवळपास २९ सेकंद. ९६०० बॉडच्या (इथे बॉड म्हणजे सेकंदाला जाणारे बिट) सीरियल पोर्टला सव्वा तास. यूएसबी १.१ ला चार-पाच सेकंद. १०० मेगाबिटच्या लॅनला अर्धा सेकंदही नाही. पण हेच पान ३००० अक्षरांचा साधा मजकूर म्हणून पाठवलं तर सीरियललासुद्धा तीनच सेकंद पुरतात, आणि डॉट मॅट्रिक्सचं डोकं त्याहून हळू चालतं. म्हणून डॉट मॅट्रिक्सला जलद पोर्ट लावून तो जलद छापत नाही. लेझरच्या बाबतीत यूएसबी २.० किंवा लॅन यांत वेगाचा फरक तुम्हाला जाणवणार नाही. वेग बघून निवड करायचे दिवस गेले.

सीरियल, म्हणजे आरएस-२३२. हे प्रमाण १९६० चं, प्रिंटरसाठी नव्हे तर मोडेमसाठी बनलेलं. बिट एकामागे एक जातात, ९६०० बॉडला सुरुवातीचा आणि शेवटचा बिट धरून सेकंदाला ९६० अक्षरं. इथे दोन्ही टोकांनी वेग, बिट, पॅरिटी (चूक पकडायचा जादा बिट) आधीच ठरवून घ्यावी लागते. एकमेकांना विचारायची सोय नाही. पहिल्या अक्षरापासून कचरा छापला जात असेल तर बॉड जुळत नाही. सुरुवात नीट आणि काही ओळींनंतर मधलाच मजकूर गायब होत असेल तर 'थांब' पोचत नाही. प्रिंटरची मेमरी भरली, त्याने थांब म्हटलं, कॉम्प्युटर ओततच राहिला.

'थांब' म्हणायच्या इथे दोन पद्धती आहेत. एकीत वायरवरून, दुसरीत मजकुराच्या उलट वाटेने १९ हा कोड पाठवून. पुन्हा चालू करायला १७. वायरची पद्धत निवडलीत तर कुठली वायर हेही बघा. काही प्रिंटर २५ पिनांच्या कनेक्टरच्या २० नंबरवरून सांगतात, काही ११ वरून. कॉम्प्युटर बघत असतो तिसरीकडेच. तयार मिळालेली सीरियल केबल प्रिंटरला चालेलच असं कधी धरून चालू नका. एवढं असूनही लेबल छापणारे, पावत्या छापणारे आणि वजनकाट्याला थेट जोडायचे प्रिंटर आजही सीरियलवर निवांत चालतात, कारण काट्याच्या आतल्या छोट्या प्रोसेसरला ते सोपं पडतं. खिशात मावणारे ब्लूटूथ पावती-प्रिंटरसुद्धा बहुधा कॉम्प्युटरला कॉम पोर्ट, म्हणजे सीरियल पोर्ट, म्हणूनच दिसतात. वायर गेली, पद्धत तीच.

पावती-प्रिंटरचा विषय निघालाच आहे तर एक सांगतो. त्याच्या मागे टेलिफोनच्या सॉकेटसारखं एक भोक असतं. ते फोनचंही नाही आणि लॅनचंही नाही. पैशाचा गल्ला उघडायला तिथून झटका जातो, बहुधा २४ व्होल्टचा. तिथे दुसरं काही खुपसू नका.

आता यूएसबी. १९९६ मध्ये पहिली आवृत्ती, १९९८ मध्ये १.१, २००० मध्ये २.०, वेग १२ मेगाबिटवरून ४८०. प्रिंटरच्या मागचा चौकोनी, वरचे दोन कोपरे तासलेला सॉकेट म्हणजे टाइप बी. कॉम्प्युटरच्या बाजूचा चपटा तो टाइप ए. दोन टोकं मुद्दाम वेगळी ठेवली, कारण यूएसबीत एकच मालक असतो. कॉम्प्युटर विचारणार, प्रिंटर उत्तर देणार. प्रिंटर आपणहून तोंड उघडू शकत नाही.

आणि इथे ती जुनी ओळखीची मंडळी भेटतात. यूएसबीत प्रिंटरसाठी वेगळा वर्ग आहे, क्रमांक ७. त्यात कॉम्प्युटर दोन प्रश्न विचारू शकतो. पहिला, 'तू कोण?' याचं उत्तर म्हणजे आयईईई १२८४ मधली तीच डिव्हाइस आयडीची ओळ. दुसरा, 'कसा आहेस?' याचं उत्तर एक बाइट. त्यातला पाचवा बिट म्हणजे कागद संपला, चौथा म्हणजे ऑनलाइन, तिसरा म्हणजे बिघाड नाही. पॅरलल पोर्टाच्या स्टेटस रजिस्टरमध्येही, म्हणजे कॉम्प्युटर त्या उलट्या वायरींची स्थिती जिथून वाचतो तिथेही, हे तिन्ही बिट याच जागी होते. १२, १३ आणि १५ या तीन पिना जशाच्या तशा उचलून यूएसबीत ठेवल्या! बिझीचं काम नॅक नावाचं उत्तर करतं. प्रिंटरची मेमरी भरली की तो प्रत्येक पॅकेटला 'आत्ता नको' म्हणतो आणि कॉम्प्युटर पुन्हा पुन्हा विचारत राहतो.

यूएसबीचा जो त्रास लोकांना सर्वात जास्त होतो तो वेगळाच आहे. टेबल हलवलं, केबल दुसऱ्या सॉकेटमध्ये लावली, आणि विंडोजमध्ये त्याच नावाचा, पुढे 'कॉपी १' लिहिलेला दुसरा प्रिंटर उगवला. जुन्यावर पाठवलेलं काही छापत नाही. याचं कारण बहुधा असं की त्या प्रिंटरने यूएसबीला स्वतःचा सीरियल नंबर सांगितलेला नसतो. नंबर नसला की विंडोज त्याला सॉकेटवरून ओळखतं. सॉकेट बदलला म्हणजे माणूस बदलला. ड्रायव्हर पुन्हा टाकायची गरज नाही. जुन्या प्रिंटरच्या प्रॉपर्टीजमध्ये पोर्ट्सची यादी उघडा आणि यूएसबी००१ च्या जागी आत्ताचा जो आहे, यूएसबी००२ वगैरे, त्यावर खूण करा. किंवा केबल मूळ सॉकेटमध्ये परत लावा आणि त्या सॉकेटवर चिकटपट्टी लावून ठेवा. मी दुसरं सुचवतो.

लांबीची मर्यादा पाच मीटर. ही वायरच्या जाडीची अडचण नाही, वेळेची आहे. कॉम्प्युटरने विचारल्यावर ठराविक वेळात उत्तर परत पोचलं पाहिजे. दहा मीटरची साधी केबल एखाद्या दिवशी चालतेही, आणि मग मोठी फाइल पाठवली की मधूनच प्रिंटर गायब होतो. पाच मीटरपुढे प्रिंटर न्यायचा असेल तर यूएसबी सोडा.

यूएसबी-टू-पॅरलल केबलची मेख आता. ही केबल तुमच्या कॉम्प्युटरला पॅरलल पोर्ट देत नाही. ती स्वतःच वर्ग ७ चा यूएसबी प्रिंटर म्हणून उभी राहते आणि आतल्या चिपने पुढे पॅरललच्या वायरी हलवते. त्यामुळे विंडोजच्या ड्रायव्हरमधून छापणाऱ्या सॉफ्टवेअरला काही फरक पडत नाही. पण जुने प्रोग्रॅम 'एलपीटी१' या नावाने छापतात, आणि ते नाव या केबलमुळे तयार होत नाही. उपाय असा: प्रिंटर विंडोजमध्ये शेअर करायचा आणि नेट यूज या कमांडने एलपीटी१ हे नाव त्या शेअरला जोडायचं. त्याहून हट्टी सॉफ्टवेअर, जे विंडोजला बाजूला ठेवून पॅरलल पोर्टाच्या हेक्स ३७८ या ठरलेल्या पत्त्यावर थेट लिहितं, ते या केबलवर कधीच चालणार नाही. पॅरलल पोर्टात खोचायच्या परवाना-डोंगलांचं आणि काही मशीन चालवणाऱ्या प्रोग्रॅमांचंही तेच. ६४ बिट विंडोजवर १६ बिट डॉस प्रोग्रॅम मुळात चालतच नाही, तो अडथळा आणखी वेगळा.

अशा वेळी कॉम्प्युटरच्या आत बसवायचं पीसीआय एक्सप्रेसचं पॅरलल कार्ड बरं. ते खरा पोर्ट देतं, विंडोजमध्ये त्याला एलपीटी नाव मिळतं. पत्ता मात्र बहुधा ३७८ नसतो, तेव्हा थेट पत्त्यावर लिहिणाऱ्यांची अडचण तिथेही उरतेच. आणि स्वस्त केबलींबद्दल एक निरीक्षण: काहींत मजकूर नीट जातो पण उलट्या वायरींकडे कुणी लक्षच दिलेलं नसतं. कागद संपला तरी कॉम्प्युटर म्हणतो प्रिंटर तयार आहे. शेवटी तपासणी कशी करायची ते सांगतो, त्यात हे लगेच कळतं.

नेटवर्क. पूर्वी हे काम महाग होतं. १९८५ चा ॲपलचा लेझररायटर हा प्रिंटर लोकलटॉक या ॲपलच्याच नेटवर्कवरून अनेक मॅकना मिळून वापरता यायचा, तोही २३०.४ किलोबिट वेगाने. एका महाग यंत्राची वाटणी करण्यासाठीच ती सोय होती. १९९१ मध्ये एचपीचं जेटडायरेक्ट हे नेटवर्क कार्ड आलं आणि प्रिंटर थेट लॅनवर बसू लागला. त्यातूनच पोर्ट ९१०० (इथे पोर्ट म्हणजे सॉकेट नव्हे, नेटवर्कवरच्या जोडणीचा क्रमांक) ही पद्धत रूढ झाली, आणि ती आजही जवळपास प्रत्येक ऑफिस प्रिंटरमध्ये आहे. ९१०० ला जोडणी करायची, मजकूर ओतायचा, जोडणी बंद करायची, बस. प्रिंटरची मेमरी भरली की टीसीपीची (नेटवर्कवर मजकूर नेणाऱ्या पद्धतीची) खिडकी, म्हणजे 'आणखी किती घेऊ शकतो' हा आकडा, शून्यावर येते, म्हणजे बिझी वायरच की! फक्त कागद संपलेला असताना एकाचं काम अडकलं तर ९१०० वर मागचे सगळे रांगेत उभे राहतात. युनिक्सकडून आलेली एलपीडी ही पद्धतही आहे, पोर्ट ५१५. ती जुन्या यंत्रणांसाठी ठेवा, नव्याने निवडू नका.

पण ९१०० मध्ये स्थिती सांगायची ठरलेली पद्धत नाही. म्हणून विंडोज ती वेगळ्या वाटेने, एसएनएमपी या नेटवर्कवरच्या यंत्रांची हालहवाल विचारायच्या पद्धतीने विचारतं. आणि इथेच तो प्रसिद्ध घोळ होतो: प्रिंटरला पिंग ('आहेस का?' अशी हाक) जातो, ब्राउझरमध्ये त्याचं पान उघडतं, पण विंडोज 'ऑफलाइन' म्हणून अडून बसतं. प्रिंटरवर एसएनएमपी बंद असतं किंवा त्याचा परवलीचा शब्द बदललेला असतो, उत्तर येत नाही आणि विंडोज समजतं यंत्र मेलं. टीसीपी/आयपी पोर्टच्या सेटिंगमध्ये एसएनएमपी स्टेटसची खूण काढली की छपाई सुरू होते. मात्र मग कागद संपल्याचंही कळत नाही. शक्य असेल तर खूण काढण्याऐवजी प्रिंटरवरचं एसएनएमपी दुरुस्त करा.

दुसरा नेहमीचा घोळ पत्त्याचा. राउटर प्रिंटरला पत्ता देतो, वीज जाऊन येते, पत्ता बदलतो, आणि कॉम्प्युटर जुन्याच पत्त्यावर हाका मारत राहतो. राउटरमध्ये प्रिंटरच्या मॅक ॲड्रेसला (नेटवर्कवरची त्याची कायमची ओळख) एक पत्ता राखून ठेवा. पाच मिनिटांचं काम आहे, आणि 'काल चालत होता' या प्रकारातल्या निम्म्याअधिक फोनांचं मूळ मला इथेच सापडलंय.

आयपीपी, म्हणजे इंटरनेट प्रिंटिंग प्रोटोकॉल, ही या सगळ्यात शहाणी पद्धत. पहिली आवृत्ती १९९९ ची, एचटीटीपीवर (वेबपानं ज्या पद्धतीने येतात तिच्यावर) चालणारी, पोर्ट ६३१. तिच्यात प्रिंटर आपली सगळी माहिती सांगतो: कागदाचे आकार, दोन्ही बाजूंची छपाई, रंग, शाई, आणि 'मीडिया-एम्प्टी'सारखी अडचणीची नेमकी कारणं. पाच वायरींवर भागवणाऱ्या प्रिंटरला अखेर वाचा फुटली. २०१० चं ॲपलचं एअरप्रिंट, आयपीपी एव्हरीव्हेअर, मोप्रिया हे सगळे याच पायावर उभे आहेत, म्हणूनच फोनवरून ड्रायव्हर न टाकता छापता येतं. यूएसबीवरूनही आता आयपीपी बोलता येतं, त्याच वर्ग ७ मध्ये. मायक्रोसॉफ्टने २०२३ मध्ये विंडोज अपडेटमधून मिळणारे इतर कंपन्यांचे प्रिंटर ड्रायव्हर टप्प्याटप्प्याने थांबवण्याचं जाहीर केलं, त्यामुळे नवा प्रिंटर घेताना आयपीपी आहे की नाही हे मी आता पोर्टांच्या आधी बघतो.

वाय-फाय ही वेगळी पद्धत नाही, तेच नेटवर्क हवेतून. मग मी नको का म्हणतो? बरेच प्रिंटर फक्त २.४ गिगाहर्ट्झवर चालतात आणि तो पट्टा गर्दीचा. प्रिंटर झोपला की काही मॉडेलांना जाग यायला वेळ लागतो. राउटरचा पासवर्ड बदलला की प्रिंटरच्या इवल्याशा पडद्यावर तो पुन्हा टाकत बसायचं. फोन पाहुण्यांच्या नेटवर्कवर असेल तर प्रिंटर त्याला दिसत नाही, कारण एकमेकांना शोधण्याच्या हाका राउटर तिकडे जाऊच देत नाही. घरात, जिथे वायर ओढायची सोय नाही, तिथे ठीक आहे. पण प्रिंटर एकाच जागी बसणारं यंत्र आहे, त्याला विजेची वायर लावलेलीच आहे, शेजारून लॅनची आणखी एक लावायला काय हरकत? ती शंभर मीटरपर्यंत जाते.

आता तुमच्यापुरतं. लेझरला लॅनची वायर, राउटरमध्ये पत्ता राखून, आणि कॉम्प्युटरवर शक्यतो आयपीपीने जोडणी, नाही जमलं तर ९१००. यूएसबीचा सॉकेट रिकामा ठेवा, लॅन बंद पडलं तर एका कॉम्प्युटरची सोय होते. डॉट मॅट्रिक्स ज्या कॉम्प्युटरवर बिलं होतात त्याच्याच शेजारी, केबलने किंवा कार्डने, आणि इतरांना तिथून शेअर करून. तो कॉम्प्युटर बंद असला की इतरांचं छापणं थांबेल, ते चालत नसेल तर पॅरलल पोर्ट असलेला छोटा प्रिंट सर्व्हर (प्रिंटरला थेट लॅनवर बसवणारी डबी) मिळतो का बघा.

सगळं जोडून झाल्यावर चाचणीचं पान छापून समाधान मानू नका. ट्रेमधला कागद काढून घ्या, डॉट मॅट्रिक्समधलाही काढा, आणि प्रत्येक कॉम्प्युटरवरून एकेक पान पाठवा. स्क्रीनवर 'कागद नाही' असं आलं तर जोडणी दोन्ही बाजूंनी जिवंत आहे. 'ऑफलाइन' आलं तर एसएनएमपी बघा. काहीच आलं नाही आणि काम छापून झाल्यासारखं रांगेतून निघून गेलं, तर ती केबल परत करून दुसरी घ्या.